हजेरीपटावर नाव, घराला कुलूप

अपंग मुलांच्या शिक्षणाविषयी आपल्या देशाने गेल्या अर्धशतकात काय काय ठरविले, याची नुसती यादी वाचली तरी ऊर भरून यावा. १९७४ साली केंद्र सरकारने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकविण्यासाठी एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समतेच्या विचारात अपंगांना स्थान दिले. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे ९२ शासनांच्या प्रतिनिधींनी सर्व मुलांना सामावून घेणाऱ्या शाळेचा पुरस्कार केला आणि पुढच्याच वर्षी आपल्या संसदेने अपंग व्यक्तींसाठी समान संधीचा कायदा संमत केला. २००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. २००९ साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला. २०१६ साली अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेणारा नवा कायदा झाला आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या सर्वांवर संमतीची मोहोर उमटविली.

एवढ्या कागदांच्या गर्दीत एक साधा प्रश्न मात्र विचारावयाचा राहून गेला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुराचे चालता न येणारे, न दिसणारे किंवा न ऐकू येणारे मूल दिवाळी उलटल्यावर कोठे असते?

आमचे म्हणणे थोडक्यात सांगावयाचे तर असे आहे. ही सर्व धोरणे बारा महिने एकाच उंबरठ्याआड राहणाऱ्या मुलासाठी लिहिलेली आहेत. जेथे त्यांची वाट अडते, तेथे त्यांनी 'निवड' नावाचा एक गोंडस शब्द ठेवून दिला आहे. ज्याच्यापुढे निवडण्याजोगे काहीच नाही, त्याला निवडीचा हक्क देणे म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणे होय. बीडसारख्या जिल्ह्यात समावेशक शिक्षण अयशस्वी झाले, असे म्हणणेही आम्हांस पटत नाही. ते येथपर्यंत पोहोचलेलेच नाही.

क्रियापदांची तपासणी

कायद्याचे मर्म त्याच्या नामांत नसते, क्रियापदांत असते. १९८६ च्या धोरणाने सौम्य अपंगत्व असलेल्या मुलांनी 'शक्य तेथे' इतर मुलांबरोबर शिकावे असे सांगितले. तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी वसतिगृहासह विशेष शाळा काढावयाच्या, त्याही 'शक्य तोवर' जिल्ह्याच्या ठिकाणी. १९९५ च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाची हमी दिली, परंतु सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याचा विषय येताच शासनाने तसा 'प्रयत्न करावा' एवढ्यावर भागविले. एकवीस वर्षांनी, २०१६ साली, नवा कायदा झाला. त्याच्या सोळाव्या कलमात सर्व मान्यताप्राप्त व अनुदानित संस्था समावेशक शिक्षण देतील यासाठी शासन पुन्हा 'प्रयत्न करील' असेच लिहिले आहे. प्रयत्नाची परीक्षा कोण घेणार? प्रयत्न केला नाही असे कोणत्या न्यायालयात कसे सिद्ध करणार?

याच्या जोडीला २०१२ ची दुरुस्ती पाहावी. शिक्षणहक्काच्या कायद्यात त्या वर्षी असे घालण्यात आले की, बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलास घरीच राहून शिकण्याचा पर्याय स्वीकारता येईल. २०१६ च्या कायद्याच्या एकतिसाव्या कलमाने चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिकण्याचा हक्क दिला. २०२० च्या धोरणाने या तिन्ही वाटा कायम ठेवल्या. कागदावर हे औदार्य आहे. शेजारची शाळा, विशेष शाळा आणि घर अशी तीन दारे मुलासाठी उघडी आहेत, असे कोणासही वाटेल. ही दारे बीडमध्ये कशी दिसतात ते आता पाहावयाचे आहे.

तत्पूर्वी नावाविषयी एक शब्द. पूर्वी आपण पांगळा, आंधळा, मुका म्हणत होतो. मग अपंग म्हणू लागलो. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला आणि पाहता पाहता कार्यालयांच्या पाट्या बदलल्या. शब्द सभ्य असावेत याविषयी वाद नाही. परंतु ज्या वेगाने पाट्या बदलल्या, त्या वेगाने शाळेच्या पायरीशेजारी उतार बांधला गेला नाही, आणि बांधला तेथे त्यावर मातीचा ढीग किंवा कुलूपबंद शौचालय असते. माणसाच्या अवयवास दिव्य म्हणावयाचे आणि त्यास वर्गाबाहेर बसवावयाचे, यापेक्षा साधा 'अपंग' शब्द वापरून त्यास पहिल्या बाकावर बसविणारा मास्तर आम्हांस अधिक धर्मनिष्ठ वाटतो.

कोयत्याचे गणित

बीड जिल्ह्याचे अकरा तालुके. त्यांतील पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील गावांत जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा आणि हाताला काम नाही. म्हणून दसरा झाला की मुकादमाच्या टोळ्या भरू लागतात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या गाळपास ऊस तोडून देण्यासाठी लाखो माणसे घरदार सोडतात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे शाळेच्या वर्षाचा मोठा हिस्सा ही कुटुंबे फडावर, पाचटाच्या कोपीत काढतात.

या व्यवहारात माणूस मोजला जात नाही, कोयता मोजला जातो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. हंगामाच्या आधी त्यांनी उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत दोघांनाही फड सोडता येत नाही. अपंग लेकरासाठी आई गावी राहिली तर कोयता अर्धा होतो, तोडीचा हिशेब निम्म्यावर येतो आणि उचल पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. आता सांगावे, या आईला धोरणाने दिलेली निवड कोणती?

शेजारच्या शाळेचे दार पाहा. शिक्षणहक्काच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी असे आहे. धडधाकट मुलासाठी स्थलांतराच्या काळात काही सोयी तरी झाल्या. एके काळी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा होत्या. २००९ च्या कायद्यानंतर मुलांना नियमित शाळेतच घालावयाचे ठरले व साखरशाळा मागे पडल्या. गावी आजीआजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आली, स्थलांतरित मुलांच्या हाती शिक्षण हमी कार्ड आले. यांतील प्रत्येक सोयीत त्रुटी आहेत. तरी ती कोणीतरी मनात आणली होती. परंतु चाकाच्या खुर्चीवरचे मूल हमी कार्ड घेऊन फडापासून परगावच्या शाळेपर्यंत उसाच्या गाडीवाटेने कसे जाणार? श्रवणयंत्राची बॅटरी कोपीत कोठून येणार? गावच्या शाळेत ज्या विशेष शिक्षकाने त्याच्याशी ओळख जमविली, तो हंगामात गावीच राहतो आणि मूल दोनशे किलोमीटरवर असते. शेजारची शाळा हा शब्द ज्याने लिहिला, त्याने असे गृहीत धरले की शेजार जागच्या जागी राहतो. बीडमध्ये शेजारच उठून जातो.

विशेष शाळेचे दार पाहा. अशा शाळा बहुधा मोठ्या गावी व निवासी. तेथे प्रवेशासाठी प्रमाणपत्र हवे. प्रमाणपत्रासाठी संगणकावर अर्ज, मग शासकीय रुग्णालयाच्या मंडळापुढे तपासणी, मग ओळखपत्र. ज्या महिन्यांत बापाला सवड असते, त्या महिन्यांत त्याच्याजवळ पैसा नसतो. ज्या महिन्यांत चार पैसे हाती येतात, त्या महिन्यांत तो जिल्ह्यात नसतो. शिवाय महाराष्ट्रात विशेष शाळा एका खात्याकडे आणि समावेशक शिक्षण दुसऱ्या खात्याकडे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला, ही चांगली गोष्ट होय. परंतु शालेय शिक्षण विभाग निराळाच राहिला. एकच मूल एका खात्याच्या दारातून निघून दुसऱ्याच्या दाराशी पोहोचण्याच्या आत वाटेत हरवले, तर ते कोणाच्या हिशेबातून गळले हे ठरविणारा कोणी नाही.

तिसरे दार

राहिले घर. आम्हांस सर्वांत अधिक बोलावयाचे आहे ते या तिसऱ्या दाराविषयी. कारण वरवर पाहता तेच सर्वांत दयाळू दिसते.

जे मूल खरोखरच अंथरुणास खिळलेले आहे, ज्यास दहा पावले नेणेही वेदनेचे आहे, त्याच्याजवळ शिक्षकाने जावे, हा विचार थोर आहे. परंतु पर्याय म्हणून आलेली गोष्ट सोय होते, आणि सोय म्हणून आलेली गोष्ट रीत होते. शाळेला उतार नाही, वाहन नाही, मदतनीस नाही, तेव्हा मुलाचे नाव गृहाधारित शिक्षणाच्या यादीत घातले की सर्वांची सुटका होते. मुलास शाळाबाह्य म्हणावे लागत नाही, कारण त्याचे नाव हजेरीपटावर आहे. त्यास शिकवावेही लागत नाही, कारण ते घरी आहे. आणि बीडमध्ये दिवाळीनंतर त्या घराला कुलूप असते.

डोंगरपट्ट्यातील एका वाडीवर आम्ही अशी एक मुलगी पाहिली आहे. वय असेल अकराबारा. जन्मतः मेंदूस इजा झाल्याने हातपाय ताठ. बोलणे फक्त आजीस समजते. आईबाप फडावर. महिन्यातून एकदोनदा विशेष शिक्षक येतात. तो माणूस कळवळ्याचा आहे. मोटारसायकलवर चित्रांचे तक्ते बांधून येतो, तासभर बसतो, आजीला व्यायाम दाखवितो. त्याच्याकडे अशा कितीतरी वाड्या, आणि स्वतःची नेमणूक पुढच्या वर्षी टिकेल की नाही याची त्यालाच शाश्वती नाही. त्या मुलीच्या घरापासून जिल्हा परिषदेच्या शाळेचा झेंडा दिसतो. प्रार्थनेचा आवाज आला की ती मान वळविते. कागदावर ती त्याच शाळेची विद्यार्थिनी आहे. आजीचे गुडघे गेलेले आहेत. तिला उचलून नेणारे कोणी नाही. त्या शिक्षकास दोष देण्याचे आमच्या मनात येत नाही आणि आजीस तर नाहीच. दोष आहे तो त्या व्यवस्थेचा, जिने या मुलीच्या एकटेपणाला शिक्षणाचा एक मान्य प्रकार म्हणून नाव दिले.

त्यातही ती मुलगी आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली आढळल्या होत्या. जेथे सुदृढ मुलीच्या जन्मासही जागा करून द्यावी लागते, तेथे अपंग मुलीच्या शिक्षणासाठी कोण भांडणार?

२०२० च्या धोरणात एक उत्तम वाक्य आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. गृहाधारित शिक्षण घेणाऱ्या मुलास इतर मुलांच्या बरोबरीने मानावे आणि अशा शिक्षणाचे परिणामकारकतेच्या व समतेच्या कसोटीवर परीक्षण व्हावे, असे त्यात म्हटले आहे. आमची पहिली मागणी हीच आहे: हे परीक्षण करा, आणि त्याचे निष्कर्ष ग्रामसभेत उघड वाचून दाखवा.

माणसे आणि पैसा

समावेशक शिक्षण भिंतींनी होत नाही, माणसांनी होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या निकालात सर्वसाधारण शाळांतील विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक स्तरावर दहा अपंग मुलांमागे एक, त्यापुढील स्तरांवर पंधरांमागे एक. राज्ये हलली नाहीत, तेव्हा ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयास पुन्हा आदेश देऊन पदे मंजूर करून जाहीर करण्याची मुदत घालावी लागली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचे ठरविले. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्यांच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होय. परंतु हा हिशेब केंद्रामागे एक शिक्षक असा आहे, आणि एका केंद्रात दहाबारा शाळा सहज असतात. न्यायालय मुले मोजण्यास सांगते, शासन केंद्रे मोजते.

पैशाचे तेच. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये धरलेले आहेत, म्हणजे दिवसाला दहा रुपयांहूनही कमी. मुलींना दरमहा २०० रुपयांचा भत्ता वेगळा. साधने, वाहन, मदतनीस, तपासणी, सारे याच हिशेबात.

आणि मोजणीचे काय? २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्ती मोजल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. तेव्हा प्रश्नावलीत आठच प्रकार होते. एकवीस प्रकारांची गणना अजून व्हावयाची आहे. पुढील गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये होईल असे जाहीर झाले आहे. मागची गणनाही फेब्रुवारीतच झाली होती. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा भर. ज्या महिन्यात बीडचा मजूर बीडमध्ये नसतो, नेमक्या त्याच महिन्यात बीडची अपंग मुले मोजली जाणार आणि त्या आकड्यावर पुढची दहा वर्षे नियोजन होणार.

जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातील एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२२-२३ साली बीड जिल्हा परिषदेत बदलीच्या सवलतीसाठी दाखविलेल्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी झाली आणि पन्नासाहून अधिक शिक्षक निलंबित करण्यात आले. त्यांतील दोषी कोण, निर्दोष कोण हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु प्रमाणपत्राचा मोह शिक्षकास पडतो असा संशय ज्या जिल्ह्यात घ्यावा लागतो, त्याच जिल्ह्यात खऱ्या अपंग लेकराच्या बापाला त्या कागदासाठी खेटे घालावे लागतात, ही विसंगती कोणत्याही सुबुद्ध माणसास टोचली पाहिजे.

आक्षेपांचा विचार

आमच्या विरुद्ध तीन गोष्टी सांगितल्या जातील. पहिली अशी की, मुळात हा प्रश्न दारिद्र्याचा आहे, शिक्षणाचा नव्हे. स्थलांतर थांबले की सारे सुटेल. स्थलांतर थांबावे हे कोणास नको आहे? परंतु ते थांबेपर्यंत आज सहा वर्षांचे असलेले मूल सोळा वर्षांचे होईल. बालपणाला सिंचन प्रकल्पाच्या पूर्ततेपर्यंत थांबावयास सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, विशेष शाळाच बऱ्या. चाळीस मुलांच्या वर्गात अशा मुलाचे हालच होतात. यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. कर्णबधिर मुलास खुणांची भाषा बोलणारे सवंगडी लागतात. सर्वसाधारण वर्गात ते एकटे पडते. म्हणून विशेष शाळा बंद करा असे आम्ही म्हणत नाही. परंतु वर्ग त्या मुलास अयोग्य आहे म्हणून ते मूल वर्गास अयोग्य ठरविणे, हा न्याय उलटा आहे. प्रथम वर्ग सुधारा. मग जे मूल विशेष शाळेत जाईल ते खरोखर पसंतीने जाईल.

तिसरी गोष्ट शिक्षक सांगतात: आम्हांस तसे प्रशिक्षण नाही. हे खरे आहे, आणि ज्याने प्रशिक्षण दिले नाही त्याला हा जाब विचारला पाहिजे. तथापि मुलाला नावाने हाक मारणे, त्याला घंटा वाजविण्याचे काम देणे, त्याची चेष्टा करणाऱ्यास थांबविणे, यांसाठी कोणत्या पदविकेची आवश्यकता आहे?

ख्रिस्तसभेच्या अंगणात

शासनास बोल लावून हा लेख येथेच संपविला असता तर तो आम्हां ख्रिस्ती वाचकांना सोयीचा झाला असता. परंतु शाळा चालविणे हे ख्रिस्तसभेचे जुने कार्य आहे आणि त्या नात्याने आपल्यावरही उत्तराचे ओझे येते. मुंबईचे जेझुइट बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने १८८० च्या दशकात मुंबईत मूकबधिरांची शाळा निघाली. भारतातील तशी ती पहिली शाळा समजली जाते. तेव्हा ना कायदा होता, ना अनुदान. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात शिक्षण हा प्रत्येक मानवाचा अविभाज्य हक्क असल्याचे सांगितले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकात अपंग व वृद्ध माणसे आपल्याच समाजात परागंदा झाल्यासारखी जगतात याकडे जगाचे लक्ष वेधले.

हा वारसा सांगणाऱ्यांनी एका आडोशाविषयी सावध असावे. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्काच्या कायद्यातून वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच खंडपीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठाकडे विचारार्थ धाडण्याची भूमिका घेतली. अल्पसंख्याकांच्या हक्कांचे रक्षण व्हावे यात दुमत नाही. परंतु २०१६ चा अपंग व्यक्तींचा कायदा अनुदानित व मान्यताप्राप्त अशा सर्व संस्थांविषयी बोलतो, आणि त्याहून मोठा कायदा आपल्यापुढे आहे. मेजवानी दिलीस तर गरिबांस, पंगूंस, लंगड्यांस, अंधांस बोलाव, अशा अर्थाचा उपदेश प्रभू येशूने केल्याचे संत लूक सांगतो. आपल्या प्रवेशपरीक्षांच्या मेजवानीस आपण कोणास बोलावितो?

बेथेस्दाच्या तळ्याची कथा वाचकांस ठाऊक आहे. अडतीस वर्षे पडून असलेला तो माणूस प्रभूला सांगतो की, पाणी हलते तेव्हा मला तळ्यात उतरविण्यास माझे असे कोणी नाही. पाण्याविषयी त्याची तक्रार नव्हती. आमच्या देशातही १९७४ पासून दर काही वर्षांनी दिल्लीत पाणी हलते. जे धावू शकतात ते आधी उतरतात. बीडच्या वाडीवरील मूल काठावरच असते. त्याला आता आणखी एका धोरणाची नव्हे, उचलून नेणाऱ्या माणसाची गरज आहे.

काय करता येईल

म्हणून आमच्या मागण्या माणसांविषयीच्या आहेत. दसऱ्यापूर्वी, टोळ्या निघण्याच्या आत, प्रत्येक गावाने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील अपंग मुलांची यादी करावी. कोण आजीजवळ राहणार, कोण फडावर जाणार हे तीत स्पष्ट असावे, आणि जेथे मूल जाईल तेथील गटशिक्षणाधिकाऱ्याकडे ती यादी मुलाच्या आधी पोहोचावी. प्रमाणपत्राची शिबिरे जून ते सप्टेंबर या काळात तालुक्याच्या गावी नव्हे, डोंगरपट्ट्यातील मोठ्या खेड्यांत भरावीत.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना झाली. तिच्यातील प्रत्येक वसतिगृहात अपंग मुलांसाठी तळमजल्यावर जागा राखून ठेवावी आणि त्यांना उचलण्या-बसविण्यास, न्हाऊमाखू घालण्यास पगारी मदतनीस असावा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे रक्कम घेण्याचे ठरलेले आहे. तिचा एक निश्चित वाटा या मुलांच्या नावे काढावा. ज्या उसाने मुलाची आई नेली, त्या उसानेच त्याच्या मदतनिसाचा पगार द्यावा, यात अन्याय कोणता? विशेष शिक्षकांची पदे केंद्रे मोजून नव्हे, मुले मोजून भरावीत. आणि हंगामात त्यांतील काहींची नेमणूक कारखान्यांच्या परिसरात असावी.

आणि आपल्या संस्थांकडून आमची अपेक्षा अशी की, मराठवाड्यातील प्रत्येक कॅथोलिक शाळेने येत्या जूनपूर्वी आपल्या परिसरातील गृहाधारित यादी मागवून घ्यावी, त्या यादीतील घरी जाऊन यावे, आणि ज्यास आणता येईल त्या मुलास आणावे. उतार नसेल तर बांधावा. वाहन नसेल तर रिक्षाचे भाडे धर्मग्रामाने द्यावे. हे मूल ख्रिस्ती असण्याचा प्रश्नच येत नाही. बीडमध्ये ते बहुधा नसेलच.

पुढच्या दसऱ्यास पुन्हा टोळ्या निघतील. तोपर्यंत यांतील निम्म्या गोष्टी झाल्या, तरी काही घरांना कुलूप लागेल तेव्हा आतले मूल शाळेत गेलेले असेल.